होल्डवरची बाई

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बारा नंबरला शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं ऐकू येत होतं.

"वहिनी, ऑफिसच्या स्वगत-स्पर्धेत यंदा तू उतरायचंस."

"मी पडद्यामागे बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवते, तेच बरं."

"पुरे झालं पुरवणं. आणि ते जुनं राणीचं रडगाणं नको, दरवर्षी कुणीतरी तेच रडतं. मी पाठवलेली नवी स्वगतं वाचलीस? लिहिणारी आपल्याच वयाची आहे."

"चाळली."

"त्यातलं फोनवरच्या बाईचं घे. वीज गेलीय, तक्रारीला फोन लावलाय, पलीकडून नुसती टेप वाजतेय. मग बाई टेपशीच बोलायला लागते. ऐक. 'माझा कॉल तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं म्हणालात ना? घरात मला असं...' पुढे काय बरं?"

"'घरात मला असं कुणी म्हणत नाही,'" वहिनी सवयीने कुजबुजली.

"तुला पाठ आहे?"

"'म्हणून मी फोन ठेवत नाही.'"

"मोठ्याने म्हण."

"इथे?"

"इथेच. दात दुखणारी माणसं उठून जात नाहीत."

वहिनीने पर्स खाली ठेवली.

"'वीज काय, येईल. असं करू, आज तुम्ही होल्डवर थांबा. इतकी वर्षं मी थांबले. आता मी बोलते.'"

तेवढ्यात आतून हाक आली.

"बारा नंबर."

कुणी हललं नाही.

"बारा नंबर कोण आहे?"

"मीच," गालावरचा हात काढून तो म्हणाला. "पण आधी तेराला घ्या."

"चौदाला विचारा," वहिनीवरची नजर न काढता तेरा नंबर म्हणाला.