फोटो राहू दे, लेन्स कोणती?

नाही, मला तुम्हीच सांगा, माणसानं एखादा फोटो दाखवला तर समोरच्यानं काय म्हणावं? छान म्हणावं, भंगार म्हणावं, निदान 'हे काय आहे बाबा' असं तरी विचारावं... पण छे! आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर काहीही टाका, पहिला प्रश्न ठरलेला. 'लेन्स कोणती?' मी आईचा टाकला होता, चुलीपुढं भाकरी थापताना, धुरातून उन्हाची तिरीप तिच्या केसांवर उतरलेली, आणि खाली ओळीनं काय? लेन्स कोणती? दादा, लेन्स? एकानं तर नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. आई विचारते, 'काय म्हणाले रे लोक?' मी म्हटलं, 'छान म्हणाले.'

मी ब्लेसन, शिरूरचा. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून एका वर्कशॉपात लेथवर आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही... आता बोलतोय ते सोडा, हे साचलेलं आहे! बोलता येत नाही म्हणून तर कॅमेरा घेतला. कॅमेरा डोळ्याला लावला की कुणी आपल्याला काही विचारत नाही आणि आपल्याला मात्र कुणाकडंही बघता येतं. जुनाच घेतला, त्याच्या खोक्यातच येते ती साधी लेन्स. ग्रुपवर तिला लेन्स म्हणत नाहीत, झाकण म्हणतात.

तर त्या झाकणातून मला दिसली फेथ. दौंडची. नाताळच्या कार्यक्रमात गायनमंडळात उभी होती, हातात मेणबत्ती. मी मेणबत्तीचे फोटो काढतोय असं दाखवत होतो. कार्यक्रम संपल्यावर ती स्वतः आली आणि म्हणाली, 'चर्चच्या ग्रुपवर तुमचे फोटो बघते, छान असतात. पण तुम्ही कुठंच दिसत नाही.' बघा! लेन्स विचारली नाही! जगातलं पहिलं माणूस! मी काय केलं? कॅमेऱ्याचं बटण पुसत बसलो.

आईला मात्र कळलं. आयांना कळतं. तिनं दौंडला निरोप धाडला, फेथचे वडील बन्यामीन मामा म्हणाले, 'मुलगा चांगला आहे असं ऐकतो, पण आमच्याकडं रीत आहे. आधी मुलाचा फोटो. रविवारी उपासनेनंतर माझी थोरली बहीण येणार, करुणाताई. दोन स्थळं आहेत, तिच्यापुढं दोन फोटो ठेवायचे, ती ज्याच्यावर बोट ठेवील त्याला चहाला बोलवायचं.'

फोटो! माझा! मी दोन वर्षं फोटो काढतोय, बगळ्याचे, बैलांचे, उसाच्या तुऱ्यांचे, आणि माझा स्वतःचा एक म्हणाल तर आधार कार्डावरचा. तो बघून लोक दार लावून घेतील. सेल्फी काढावा म्हटलं, तर ग्रुपचे ॲडमिन मच्छिंद्र सर... मेडिकलचं दुकान आहे त्यांचं, पण सगळे सरच म्हणतात... ते भडकले. 'ब्लेसन! आपल्या ग्रुपचा माणूस सेल्फी पाठवणार? स्टुडिओत जाणार? पडद्यापुढं बसणार? अरे आमची काही इज्जत? शनिवारी इनामगावला ये, घोड नदीच्या काठी. सगळे मिळून तुझा असा पोर्ट्रेट काढू की मुलगी स्वतः चहा घेऊन शिरूरला येईल!'

मला बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

शनिवारी निळा सूट घातला, नाताळचा, आणि दुपारीच मोटरसायकलवरून इनामगावच्या नदीकाठी पोचलो. डझनभर माणसं, डझनभर ट्रायपॉड. मला पाण्याकडेला चिखलात उभं केलं, 'मागं पाणी पाहिजे,' आणि सुरू झालं, काय? फोटो? छे हो! लेन्स कोणती!

सर म्हणाले, 'चेहऱ्याला पंच्याऐंशी एमएमची लेन्स. त्याच्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये.' दुसरा म्हणाला, 'सर, पन्नासमध्ये काय वाईट आहे?' 'पन्नासनं नाक मोठं येतं.' 'मुळात नाकच मोठं आहे त्याचं!' मग सगळे जवळ येऊन माझं नाक बघायला लागले. मी सूट घालून चिखलात, आणि माझ्या नाकावर सभा! आणि नवनाथ... हा पाटसचा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो, त्यानं नुकतीच दीडशे-सहाशेची लेन्स घेतलेली, पाणी तापवायच्या बंबाएवढी. ती लांबचं बघायला असते. तिच्यात मी मावेना. नाकपुडीच यायची. म्हणून हा मागं सरकत सरकत गेला, बांध ओलांडून, पार शेजारच्या उसाच्या कडेला, आणि तिथून मला फोन करतो, 'ब्लेसन, जरा हनुवटी वर घे. आता हस.' हसायचं कुणाकडं बघून? उसाकडं?

एवढ्यात मल्हारी आबा आले. तिथलेच आहेत, मेंढरं पाण्यावर आणली होती. त्यांनी ते ट्रायपॉड बघितले आणि त्यांचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणतात, 'पोरा, खरं सांग, मोजणी हाय का? रस्ता जातुया काय हितनं?' मी म्हटलं, 'नाही आबा, माझा फोटो काढतायत.' 'तुझा? येवढी मान्सं? का, काय केलंस तू?' सगळं सांगितलं. आबांना हसू फुटलं. 'आरं मग त्यात काय! हुबा ऱ्हा, म्या काढतू की मोबाइलवर. नातवानं शिकिवलंय.' आणि खरंच काढला हो त्यांनी मोबाइल, धरला माझ्यापुढं, आणि मी खरंच हसायला लागलो होतो, आपोआप... तेवढ्यात सर ओरडले, 'आबा, फ्रेममधनं बाजूला व्हा! गोल्डन लाइट येतोय!' आबा गेले मेंढरांमागं. मी एक शब्द बोललो का? 'आबा, काढा' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! नाही निघाले.

पण उजेड आला, तुम्हाला सांगतो, असा आला की उसाचे तुरे पेटल्यासारखे दिसायला लागले. सगळ्या लेन्सा माझ्याकडं. मी फेथ आठवली, ती मेणबत्ती आठवली, मान जरा कलती केली...

आणि आला. खंड्या! निळा, लाल चोचीचा, माझ्यापुढं एक वाळकी बाभळीची फांदी आडवी वाकलेली होती तिच्यावर येऊन बसला. चोचीत मासा!

पुढचं सांगायला पाहिजे का? टर्रर्रर्र! डझनभर कॅमेरे, लग्नातल्या फटाक्यांच्या माळेसारखे! सर कुजबुजतायत, 'कुणी हलू नका... ब्लेसन, तू तर अजिबात हलू नको.' मी कशाला हलतोय! चिखल बुटात गेला होता, चिलटं डोळ्यात शिरत होती, मी हसरा चेहरा तसाच धरून उभा, गाल दुखायला लागले, खंड्यानं मासा आपटला, टर्रर्र, गिळला, टर्रर्र, इकडं वळला, तिकडं वळला, सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले आणि उडाला. तो उडाला आणि सूर्यही बुडाला. दोघांचं ठरलं असावं.

'लाइट गेला,' सर म्हणाले आणि लेन्सची टोपणं लागायला लागली. मी म्हटलं, 'सर... माझा?' तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, 'अरे, तुझा पुढच्या शनिवारी घेऊ की. तू कुठं उडून जातोयस!'

घरी येईपर्यंत ग्रुपवर फोटोंचा पाऊस. खंड्या, खंड्या, खंड्या. आणि खाली? 'वा सर, मागचा निळा काय मखमली आलाय! एकदम लोण्यासारखा ब्लर! लेन्स कोणती?'

तो मी होतो. ते लोणी मी होतो!

रविवारी सकाळी म्हटलं, गेली ग्रुपची इज्जत खड्ड्यात, सेल्फी काढतो. आरशात बघतो तर चिलटांनी उजवा डोळा सुजवून बटाटा केलेला. आई कपाळाला हात लावून बसली. 'अरे, उपासना सुटायची वेळ झाली, पाठव काहीतरी!' मग काय करणार? सरांनी काढलेला खंड्याचाच फोटो पाठवला. खाली आमच्या चर्चमधल्या रीतीनं लिहिलं, 'सलाम मामा. खंड्याच्या मागे निळं दिसतंय तो मी.'

दुपारी फोन आला. 'सलाम ब्लेसन. फोटो मिळाला. करुणाताईला फार आवडला. पक्षी घरचा आहे का विचारते.' 'नाही मामा, नदीवरचा.' 'बरं. आणि तुझा फोटो?' 'तोच मामा. मागं निळं आहे ना...' पलीकडं 'बघू, बघू' अशी कुजबुज. मग म्हणाले, 'हां हां, ते! आम्हाला वाटलं पाणी.'

दुसरं स्थळ तळेगाव ढमढेऱ्याचं, रॉनी. त्याचा फोटो स्टुडिओतला. मागं पडदा, पुढं खुर्ची, मनगटावर घड्याळ, दोन्ही डोळे उघडे. करुणाताईंनी बोट ठेवलं. चहा झाला. मुलगा निघाला चांगला, त्याला मी काय नावं ठेवणार? साखरपुडा झाला.

आणि परवा बन्यामीन मामांचा पुन्हा फोन. 'ब्लेसन, लग्नाचे फोटो तूच काढायचेस बाबा. फेथच म्हणाली, त्यांचे फोटो छान असतात.'

आता इथं माणसानं काय म्हणायला हवं होतं? नाही म्हणायला हवं होतं. नसतं जमत तर निदान फोन पाडायला हवा होता. माझं तोंड उघडलं, उभ्या जन्मात पहिल्यांदा वेळेवर उघडलं, आणि बाहेर काय पडलं? 'हो मामा.'

मग काय करणार... ग्रुपवर टाकलं. 'ओळखीतलं लग्न आहे. चर्चमध्ये उजेड कमी. लेन्स कोणती न्यावी?'

सर म्हणतात पंच्याऐंशी. दुसरा म्हणतो पन्नास. नाकावरनं परत जुंपली आहे. आणि नवनाथनं लिहिलंय, 'माझी दीडशे-सहाशे घेऊन जा. पार मागच्या दारात उभं राहून काढता येतं, कुणाला दिसणार पण नाहीस.'

आणि तुम्हाला सांगतो... नवनाथचं मला पहिल्यांदाच पटलं.