तीन खाचांचा टेका

धरमपेठेतल्या दवाखान्यात ओळखीच्या भागीरथाबाईंच्या शेजारी बाकावर देवराव बसले होते. त्यांची बायको कांताबाई समोर उभी होती.

देवराव भागीरथाबाईंना सांगत होते, "तीन खाचा पाडल्या मी. पाहिजे तसा टेका मागंपुढं करा. घडीच्या खुर्चीले असा टेका अख्ख्या नागपुरात नाही."

"कोनासाठी केला?" कांताबाईनं मधेच विचारलं.

"तुयासाठीच. पाठ तुयी दुखते नं."

"मंग माप कोनाच्या पाठीचं घेतलं?"

"मायाच. तू एका जागी बसतेच कुठं वं?"

"बसू कशी? त्या खुर्चीत तुमीच राह्यता."

"खाचा बराबर पडल्या का नाही, पाहा लागते नं!"

"दसरा गेला, संक्रांत गेली."

"पाठीचं काम हाय. घाई करून नाही चालत."

कंपाउंडरनं पुकारलं, "कांताबाई!"

देवराव उठले.

"तू थांब. कुठं दुखते ते मीच सांगतो डॉक्टरले."

कांताबाई त्यांच्या जागेवर बसली आणि भिंतीला पाठ लावून तिनं डोळे मिटले.