निशिगंधाच्या हळदीचा गुरुवार

(तुर्भ्यातला एक हॉल. मंगळवारची दुपार. इद्रीस आणि त्याची बायको सबिहा खुर्च्या पुसताहेत.)

सबिहा: नामदेवशेठला यातनं मिळणार काय होतं, ते तरी विचारलं होतंत का? तीन वर्षं दर गुरुवारी तुमच्या जॅझसाठी एवढा हॉल फुकट. एपीएमसीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याने गोण्या ठेवायला हसत घेतला असता.

इद्रीस: विचारलं होतं ना. म्हणाले, आमच्या निशिगंधाच्या हळदीला तुझ्या पार्टीने वाजवायचं. बस्स.

सबिहा: आणि तुम्ही हो म्हणालात.

इद्रीस: पोरगी तेव्हा फर्स्ट इयरला होती गं. वाटलं, विसरतील.

सबिहा: पोरीची हळद बाप विसरेल? आणि तीही गुरुवारीच आली. माझ्या भाचीच्या, आफरीनच्या मंगणीच्या दिवशी.

इद्रीस: मंगणीला येतोय मी. शब्द दिलाय.

सबिहा: शब्द शेठनाही दिलाय.

इद्रीस: त्यांना पार्टी हवीय, मी नाही. अरमान ड्रमला तयार आहे, मिथुन कीबोर्डला. अडलंय ते त्या कोलकात्याच्या सॅक्सोफोनवाल्यापाशी. म्हणतो, मांडवात वाजवायला मी काय बँडवाला आहे?

सबिहा: आपल्या बेडरूममध्ये झोपून असं बोलतो? आपण दोघं बाहेर चटईवर!

इद्रीस: हळू. पाहुणा आहे.

सबिहा: दर आठवड्याला नवा पाहुणा. कामोठ्याचं घर नाही, लॉज झालंय. गोव्याचा तो पियानोवाला उशी बदलून मागत होता. कंटाळा आलाय मला, खरं सांगते.

इद्रीस: मला नाही आलाय? ह्यांना स्टेशनवरून आणा, खुर्च्या लावा, माइक लावा. आपण वाजवू म्हणून हे सुरू केलं, नि वाजवतात पाहुणे.

सबिहा: मग शेठना स्पष्ट सांगा, पाहुणा नाही म्हणतोय. हॉल गेला तर गेला. श्रीवर्धनच्या एसटीची दोन तिकिटं काढलीयत मी. माझ्या भावाच्या लग्नाच्या वलीम्याला जेवायला मी एकटी, अब्बांना अॅडमिट केलं तेव्हा एकटी. आफरीनची अम्मी जैनब काल काय म्हणाली माहितीय? दुल्हाभाईंचा फोटो तरी आण, पोरीला कळू दे मावशीचा नवरा, तिचे खालू, दिसतात कसे!

इद्रीस: या वेळी खालू स्वतः येताहेत, सांग तिला. हे बघ, शेठ आलेच.

नामदेव: काय रं इद्रीस, भाभीपन हाय? बरं झालं. परवा हलदीला दोघांनी यायचं.

इद्रीस: शेठ, एक सांगायचं होतं. तो कोलकात्याचा पाहुणा मांडवात वाजवणार नाही म्हणतो.

नामदेव: मना नकोच हाय तो! डोले मिटून फुकीत बसतो, आपन टाली कवा मारायची तेच कलत नाय.

सबिहा: मग झालंच की, शेठ. गावची बेंजो पार्टी सांगा.

नामदेव: बेंजो तर सांगलाय. पन मना इद्रीस पायजे.

इद्रीस: मी?

नामदेव: मंग? तू माइक बघाया एकलाच ट्रंपेट वाजवतो ना, ते ऐकाया मी लौकर येऊन मागं बसतो. पावना आला का तू ट्रंपेट पेटीत टाकतो, नि मी घरी जातो जेवाया.

इद्रीस: मला वाटायचं, तुम्हाला मच्छर चावतात म्हणून जाता.

नामदेव: हॉल कोनासाठी दिला रं मी? त्या पावन्यांसाठी? निशीपन बोल्ली, इद्रीसचाचाच पायजे.

इद्रीस: सबू, ऐकलंस?

सबिहा: ऐकलं.

नामदेव: भाभी, परवा तुमचं काय घरचं काम असल तर सांगा हां. मी जोर नाय करनार. हॉलचं काय मनात आनू नका, हॉल तुमचाच हाय.

सबिहा: त्यांनाच विचारा ना.

नामदेव: काय रं? हाय का काय?

इद्रीस: ...नाही, शेठ. काही नाही.

नामदेव: मंग ठरला. उंद्या मांडव बघून जा. येतो भाभी.

सबिहा: या.

इद्रीस: सबू... आफरीनच्या निकाहला येईन मी. नक्की.

सबिहा: हं.

इद्रीस: तीन वर्षांत कोणी मला वाजव म्हणालं नव्हतं गं.

सबिहा: दिसतंय तोंडावर. ती पेटी द्या इकडे. पितळ काळं पडलंय, चिंच लावून घासून ठेवते. चारचौघांत वाजवायचंय.

इद्रीस: रागावलीस?

सबिहा: दमलेय. शेठना त्यांचा वाजवणारा मिळाला, पाहुण्याला सुट्टी मिळाली, तुम्हाला ऐकणारा मिळाला.

इद्रीस: आणि तुला?

सबिहा: मला दोन सीटा. बाजूच्या सीटवर पिशवी ठेवीन.