भावाच्या नावाची जागा

हुदा: ती जागा काढा, ताई. बाकी सगळं राहू दे, पन तेवढी काढा.

नंदिनी: काढा म्हणजे? उद्या कार्यक्रम आहे, हुदा. वाजवणारे आत्ता कुठे जिना उतरलेत.

हुदा: त्यांच्यासमोर नाय बोलले मी. अम्मा आत नमाज पढतेय. ती बाहेर यायच्या आत ठरवून टाका.

नंदिनी: तालीम ऐकताना तू रडलीस. मला वाटलं, आवडली रचना.

हुदा: आवडली म्हनून नाय रडले. माझ्या हळदीचं गानं, अम्माच्या गळ्यातलं, तुमी चार व्हायोलिनवर बसवलंत...

नंदिनी: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो.

हुदा: तेच ते. छान वाजवतात. पन मधेच सगळे गप्प होतात ना, तिथंच मला रडू फुटलं.

नंदिनी: अगं, तोच तर जीव आहे त्याचा! आधी मी कशी लिहायचे, माहितेय? ठासून भरलेलं. दादरला आमचे सर म्हणायचे, ऐकणाऱ्याला श्वास तरी घेऊ दे. मग जाहिरातींच्या धुना केल्या, साबणाच्या, चहाच्या. तिथे तर जरा रिकामं सोडलं की पैसे देणारी पार्टी ओरडायची. आणि मग तुझ्या हळदीला पनवेलला आले, टेपरेकॉर्डर घेऊन. चाची, तुझ्या अम्मा, गाता गाता ओळीच्या मध्यात थांबल्या. सगळ्या बायका थांबल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पुढचं कडवं. मी ती कॅसेट इतकी ऐकली की नवरा म्हणाला, आता टेप जळेल.

हुदा: मला माहीत हाय तुमी ऐकली ते.

नंदिनी: नाही, हे माहीत नाही तुला. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक रचनेत ती शांतता आहे. पुण्यात लोक उठून गेले, दिल्लीत उभं राहून टाळ्या वाजवल्या. पेपरात येतं, नंदिनी कारखानीसांची शैली म्हणजे हा विराम. आणि तू म्हणतेस काढा!

हुदा: विराम-बिराम काय नाय ताई तो. तिथं नाव यायचं असतं.

नंदिनी: कुणाचं?

हुदा: नवरीच्या भावाचं. आमच्यात हळदीला असंच गातात. हळद कुनी आनली, मामाचं नाव. पाट कुनी मांडला, भावाचं नाव. मला एकच भाऊ, शाहिद. अब्बा म्हनाले वखार सांभाळ, तर तो सगळ्या जमातीसमोर उलटं बोलला आनि जहाजावर निघून गेला. तेव्हापासून अब्बांनी शपथ घातलीय, आमच्या घरात त्याचं नाव घ्यायचं नाय. म्हनून अम्मा थांबली.

नंदिनी: मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

हुदा: मी कुठं आले तुमच्या कार्यक्रमांना? पोरं, सासर, शाळेची नोकरी. आज पयल्यांदा ऐकलं.

नंदिनी: बाहेरच्यांना काय कळणार आहे, हुदा? लोकांना ती फक्त शांतता वाटेल.

हुदा: बाहेरच्यांचं टेन्शन नाय मला. तुमी आमचं सगळं खानदान बोलावलंय, पयल्या रांगेत.

नंदिनी: चाचींचे आभार मानायला बोलावलं गं!

हुदा: त्या बायकांना गानं पाठ हाय. वाजायला लागलं की मनात शब्द चालू होनार. पाट कुनी मांडला, आनि मग गप्प. अब्बा उठून जातील. घरी गेल्यावर ते सगळं अम्मावर निघेल. ताई, तिनं लय सोसलंय.

नंदिनी: ती जागा काढली तर उरतं काय? हॉटेलच्या लॉबीत वाजवतात तसलं गोड गोड काहीतरी.

हुदा: गोड वाजलं तर कुनाचं घर मोडत नाय.

नंदिनी: ...खरं सांगू? लाज वाटतेय मला. तुमच्या घरचं दुखणं होतं, आणि मी त्याला ध्यान म्हणत, चिंतन म्हणत गावभर मिरवलं. ठीक आहे. काढते. चौघांना फोन करते आत्ता.

नूरीबी: काय काडतेस?

हुदा: अम्मा! झाली नमाज?

नूरीबी: झाली कसली. तुमच्या ह्या नव्या बिल्डिंगच्या भिंती म्हंजे नुसता कागद. अल्ला माफ करो, माजं अर्धं ध्यान हिकडंच होतं. काय काडायचं नाय, नंदिनी.

हुदा: अम्मा, अब्बा उठून जातील.

नूरीबी: जाऊंदे. गाडी घेऊन जातील. आपन रिक्षानं येऊ.

हुदा: चेष्टा नको करूस गं.

नूरीबी: चेष्टा नाय. त्यांनी सांगितलं नाव घ्यायचं नाय, मी घेतलं नाय. हिच्या बाज्यात तरी नाव हाय कुठं? सगळी गप्प तर बसतात. गप्प बसायला पन बंदी हाय काय आता?

नंदिनी: चाची, तुम्हाला त्रास होणार असेल तर मला नाही वाजवायचं ते. मनापासून सांगते.

नूरीबी: मगाशी ते चौघं थांबले ना, मला वाटलं कुनीतरी माज्या पोरासाठी जागा धरून बसलंय. पन एक चुकलं तुजं.

नंदिनी: काय चुकलं?

नूरीबी: लवकर पुढं जातात तुजी मानसं.

नंदिनी: कॅसेटवर आहे तेवढंच घेतलंय मी, तंतोतंत.

नूरीबी: कॅसेटवर मी घाबरलेली होते. हे दारात उभे होते, म्हनून घाईनं पुढचं कडवं धरलं. एवढ्यात शाहिद मावत नाय.

हुदा: अम्मा...

नूरीबी: तू गप ऱ्हा.

नंदिनी: मग किती थांबू, चाची? तुम्ही सांगाल तितकं लिहिते.

नूरीबी: मी मनात म्हनते त्याचं नाव. तवर थांब.

(नूरीबी डोळे मिटून घेतात. नंदिनी बोटांवर मात्रा मोजू लागते.)

नंदिनी: झालं, चाची?

नूरीबी: अजून नाय.