फोटोतला डाग

चैत्रातल्या दुपारी निर्मला देवासच्या बसस्टँडवर बसली होती. मांडीवर नवऱ्याच्या बरगडीचा एक्स-रे होता. फोटोत बरगडीच्या बाजूला दिसणाऱ्या डागाबद्दल विचारलं, तर गावातले एकुलते एक हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, “बरगडी ठीक आहे. बाकी नंतर बघू.”

मागच्या बाकावर दोघी बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या.

“आमच्या ह्यांचा खांदा निखळला म्हणून फोटो काढला, तर छातीत डाग! डॉक्टर म्हणे, मी हाडांचा. किती खेटे घातले!”

“फिर?”

“फिर काय! गेल्या चैत्रात त्यांच्या बायकोला, डॉक्टरीणबाईंना, हळदीकुंकवाला बोलावलं. कैरीची डाळ दिली, पन्हं दिलं. कुंकू लावताना म्हटलं, वहिनी, तुमचं कुंकू मी लावतेय, माझं तुमच्या यजमानांच्या हातात आहे.”

“अगं बाई! सगळ्यांसमोर?”

“तर! दुसऱ्या दिवशी डॉक्टर लँब्रेटा स्कूटरवरून दारात. कुठाय म्हणे तो फोटो? टीबीची सुरुवात होती, औषध वेळेवर मिळालं. काल देवीची टेकरी माझ्याआधी चढले, आणि वरून ओरडतात कसे, म्हातारी झालीस गं!”

दोघी खो खो हसल्या. निर्मला गर्रकन मागे वळली.

“मावशी, त्या डॉक्टरीणबाईंना पन्हं कसं आवडतं हो? गोड की आंबट?”