काच धर, मालू

मंडळी, बसा. पुढं सरका, मागं जागा नाही. पेटीवाले, सूर धरून ठेवा नुसता, आज गायचं थोडं आहे आणि सांगायचं जास्त आहे.

आधी एक प्रश्न विचारते. एखाद्याचं वाटोळं आपण चांगल्या मनानं केलं, अगदी प्रेमानं, पदरमोड करून केलं, तर ते पाप होतं का? लगेच माना हलवू नका. मलाही याचं उत्तर वर्षभर सापडलं नाही. तुम्ही गोष्ट ऐका, मग आपण मिळून बघू.

आख्यान आहे हिंदुराव इंगवले आणि त्यांची बायको विजयमाला यांचं. पुराणातलं नाही. आपल्या कोल्हापुरातलं, याच गल्लीतलं. विजयमाला म्हणजे माझी मालू. मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. हिंदुराव उद्यमनगरात लेथवर काम करायचे. लोखंडाला हात लावून सांगायचे, किती सूत जादा आहे.

तर मंडळी, ऐका. रंकाळ्यावर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता जुन्या गाड्यांची फेरी निघते. तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितली असेल. पंधरा-वीस गाड्या येतात. आधी मैदानात उभ्या राहतात, बॉनेट उघडून. नवी नवरी बघायला जमावं तशी ही थोराड माणसं इंजिनात डोकी घालतात. चहा होतो, भेळ होते, एकमेकांची उणीदुणी निघतात. मग सगळ्यात जुनी गाडी पुढं, अशी रांग लागते. रंकाळ्याला वळसा घालून पन्हाळ्याच्या रस्त्यानं थोडं जायचं आणि दिवे लागायच्या वेळेला परत.

या मंडळींचा एक शब्द आहे – ‘कंपनीचं’. म्हणजे कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा जे तिच्यात होतं, ते. दिवा कंपनीचा, आरसा कंपनीचा, स्क्रूसुद्धा कंपनीचा. ज्याच्या गाडीत कंपनीचं जास्त, त्याची मान वर. या पंथाचे महंत म्हणजे आपले उमेश जिरगे. आज फेरी सोडून ते तिथं खांबाला टेकून बसलेत. जिरगे, मान खाली घालू नका. तुमचं नाव घेऊ का म्हणून मी काल विचारलं होतं, तुम्ही ‘घ्या’ म्हणालात.

हिंदुरावांची फियाट. चौसष्ट सालातली, त्यांनी घेतली ती दहा वर्षांनी, दुसऱ्याची. हिच्यात कंपनीचं काय? कायबी नाही. जे मोडलं ते हिंदुरावांनी लेथवर स्वतः केलं. जिरगे चेष्टा करायचे, “इंगवले, तुमच्या गाडीत कंपनीची फक्त हवाच राहिली की.” हिंदुराव म्हणायचे, “तीबी परवा बदलली.”

आणि सगळ्यात जास्त चेष्टा व्हायची एका मुठीची. डाव्या दाराला, काच खालीवर करायला जे हँडल असतं ना, त्या जागी एक पितळेची जाड मूठ. “देवघरातली घंटी मोडून लावली काय?” हिंदुराव हसायचे. पण सांगायचे नाहीत. मला मात्र माहीत होतं.

गाडी घेतली त्या सालची गोष्ट. दोघं पन्हाळ्याला निघालेली. पुढं ट्रक, त्याचा धूर. मालूनं घाईनं काच वर घेतली आणि हँडल मोडून हातात आलं. बिचारी घाबरली. नवी गाडी, म्हणजे त्यांच्यापुरती नवी. मोडका तुकडा पदराखाली मुठीत धरून पन्हाळ्यापर्यंत गेली. वर पोचल्यावर दाखवला. हिंदुरावांनी तो खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सुतळी घेतली, तिचा तळवा मोजला, अंगठा कुठं टेकतो तिथं पेन्सिलीनं खूण केली आणि पितळेची मूठ घडवून आणली. मालू म्हणाली, “कंपनीचं मिळालं असतं की हो.” हे म्हणाले, “कंपनीनं तुझा हात मोजला नव्हता.”

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्यापाशी येणार आहे.

मूठ झकास बसली, पण आतली चाकं झिजलेली. काच वर घेताना घसरायची. म्हणून मालूनं एका हातानं मूठ फिरवायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं काच वर रेटायची. समोर धूळ दिसली की हिंदुराव म्हणायचे, “मालू, काच धर.” पन्नास वर्षं हेच. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी असं काही घेतं.

आता पुढचं सांगते. तीन वर्षांपूर्वी मालूचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नातेवाईक, मग घर. मग एका सकाळी तिनं चहा पुढं ठेवला आणि हिंदुरावांना विचारलं, “आपण कोणाकडं आलाय?” त्यांचं वय ऐंशी. त्रेपन्न वर्षांचा संसार. आपण कोणाकडं आलाय!

हिंदुरावांनी कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं, कारण मी रोज जाते. मला म्हणाले, “बाई, तुमच्या देवाची शपथ आहे. लोक तिला बघायला येतील.” मी शब्द दिला.

पण रविवारी एक नवल व्हायचं. मी ते डोळ्यांनी बघितलं आहे, मागच्या सीटवर बसून. फेरी निघायची. मालू पुढं, मुकी. रस्त्याला वळण आलं, धूळ आली की हिंदुराव म्हणायचे, “मालू, काच धर.” आणि तिचा डावा हात आपोआप त्या मुठीवर जायचा. अंगठा बरोबर त्याच्या खोबणीत. उजवा तळवा काचेवर. काच वर जायची, आणि काचेबरोबर जणू आणखी काहीतरी वर यायचं. ती वळून बघायची आणि म्हणायची, “अहो, चष्मा कुठं ठेवलाय? लागेल ना गाडी चालवताना.”

अहो म्हणायची, मंडळी. मग तासभर चालायचं. तांदूळ संपलेत, दारचा चाफा छाटायला झालाय, या बाईला भेळ घेतली का. घरी येऊन गाडीतून उतरली की संपलं. पुन्हा “आपण कोण?” पण हिंदुरावांना तो एक तास पुरायचा. आठवड्यातले सहा दिवस ते त्या एका तासासाठी जेवायचे, झोपायचे. मला म्हणाले होते, “तेवढं चालू आहे तोवर मी आहे.”

आता माझा वाटा सांगते. कीर्तनकार बाई व्यासपीठावर उभी राहिली म्हणून स्वच्छ होत नाही.

जिरगे माझ्याकडं आले. चेहरा फुललेला. म्हणाले, इंगवल्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस आहे, सगळ्यांनी मिळून त्यांची गाडी करायची ठरवलीय. रंग, सीट, काचा, सगळं कंपनीचं. ब्रेकचं काम आहे म्हणून गाडी गॅरेजमध्ये ठेवून घेतो, तीन आठवड्यांनी एकदम समोर आणतो. त्या डाव्या दाराचं हँडलसुद्धा मिळालंय, आठ महिने शोधत होतो. आणि म्हणाले, “तुम्ही नेहमी बसता त्यांच्या गाडीत, तुम्हाला काय वाटतं?”

बघा. त्यांनी विचारलं होतं. विचारलं होतं त्यांनी! एक वाक्य पुरलं असतं – त्या मुठीला हात लावू नका. पण मी शब्दात अडकले. वाटलं, मुठीचं बोलले तर का म्हणून विचारतील, मग मालूचं सांगावं लागेल. आणि दुसरंही एक होतं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या मागच्या सीटची स्प्रिंग वर आलेली. दर रविवारी माझ्या पाठीत टोचायची. मी जिरग्यांना म्हणाले, “करा की. मागची सीट तेवढी बघा, फार टोचते.”

तीन आठवड्यांनी रविवारी गाडी मैदानात आली. पिस्ता रंग, आरशासारखा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हार घातला. हिंदुरावांनी रंगाकडं बघितलंच नाही. ते सरळ डाव्या दारापाशी गेले. वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग उठून जिरग्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “छान केलंत.” एवढंच. जिरग्यांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी.

मालूला पुढं बसवलं. मी मागं बसले. रांग निघाली. वळण आलं. धूळही आली.

“मालू, काच धर.”

तिचा हात गेला. सवयीनं गेला, मंडळी. पण तिथं जाड पितळ नव्हतं. बारीक, चकचकीत, गार असं काहीतरी होतं. आणि ते बोटाच्या धक्क्यानं आपलं आपण फिरलं. काच सर्रकन वर. रेटायला काही उरलंच नाही. चटका बसावा तसा तिनं हात मागं घेतला.

ते पुन्हा म्हणाले, “मालू, काच धर की.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग नव्या सीटकडं. पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, “ओ दादा, गाडी थांबवा. ही आमची गाडी नव्हे. घरी माझे यजमान वाट बघत असतील.”

हिंदुरावांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत, हात हलवत पुढं गेल्या. त्यांना वाटलं, दोघं फोटो काढायला थांबलेत.

माझी पाठ त्या दिवशी अजिबात दुखली नाही.

त्या संध्याकाळी मी शब्द मोडला आणि जिरग्यांना सगळं सांगितलं. ते तसेच धावले. गॅरेजमधलं जुनं पितळ, तांबं एका डब्यात टाकतात, आणि डबा भरला की फाउंड्रीत जातो. डबा गेला होता. जिरगे फाउंड्रीच्या दारात उभे राहिले. आतला माणूस म्हणाला, “साहेब, पितळ वितळलं की त्याला नाव राहत नाही.” कुणाच्या तरी परसात नळाची तोटी होऊन असेल ती मूठ आता.

तुम्ही म्हणाल, बाई, मग नवीन करायची. केली की! हातात कंप असलेल्या त्या माणसानं मित्राच्या लेथवर उभं राहून केली. सुतळी घेऊन बसले, तिचा तळवा मोजला. ती म्हणते, “डॉक्टर, हाताला काय झालंय माझ्या?” माप तेच. खोबण तिथंच. बसवली. रविवारी वळणावर म्हणाले, “मालू, काच धर.” तिनं मुठीवर हात ठेवला, न्याहाळलं आणि म्हणाली, “छान आहे. नवीन दिसतंय.”

नवीन दिसतंय. पन्नास वर्षं एका बाईच्या अंगठ्यानं जे झिजवलं होतं, ते लेथवर कुठून येणार?

आता बघा, आपल्या या देवाच्या पायांकडं. अंगठे राहिलेत का? आज्या-पणज्यांनी डोकी टेकून टेकून सपाट केलेत. मूर्तिकारानं केलेले कोरीव अंगठे कधीच गेले. कुणी म्हणतो का, मूळचे बसवा? आपल्याला ठाऊक आहे, देव तिथंच आहे, त्या झिजल्या जागेत. हे दगडाचं कळतं आपल्याला. माणसाच्या घरातलं कळत नाही.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न. पाप होतं का? जिरगे, तुम्ही विचारलं होतंत, पण मला. ज्यांची गाडी त्यांना नाही. मला माहीत होतं, पण मी माझी पाठ बघितली. हिंदुरावांनी लाजेनं लपवलं. तिघंही मालूवर माया करणारे, आणि तिघांनी मिळून तिचा शेवटचा तास वितळवला. पाप म्हणा, नका म्हणू. नाव काही दिलं तरी तो तास परत येत नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही, कारण ते गोड नाही.

पण तुम्ही उद्या घरी जे कराल, ते अजून व्हायचंय. म्हाताऱ्याची जुनी खुर्ची काढून नवी आणायची असेल, आईचा डबा बदलायचा असेल, तर आधी तिच्यापाशी बसा. विचारा, यात तुझं काय आहे? आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही सांगा. लाजू नका. कंपनीनं हात मोजला नव्हता. ज्यानं मोजला, त्याचं त्यात काहीतरी असतं.

परवा हिंदुरावच मला म्हणाले, “आता सांगा बाई सगळ्यांना. लपवून काय राखलं?” म्हणून सांगितलं.

फेरी अजून चालू आहे. मालू आता पुढं बसत नाही. परक्या माणसाशेजारी कशी बसेल? माझ्याजवळ मागं बसते. पुढची डावी सीट रिकामी. ‘मालू’ म्हटलेलं तिला आवडत नाही, परक्यानं नाव घ्यावं का? म्हणून हिंदुराव तिला आता ‘ताई’ म्हणतात. “ताई, खड्डा आहे, धरून बसा.” ती मला हळूच सांगते, “हा ड्रायव्हर चांगला आहे गं. आमचे हेसुद्धा अशीच चालवतात.” आणि उतरताना त्यांना म्हणते, “चहा घेऊन जा. यजमान येतीलच एवढ्यात.” ते म्हणतात, “येतील, ताई.”

आज रविवार. दिवे लागलेत. आज मी इथं आहे म्हणून तिला घेऊन ते फेरीवरून सरळ इकडंच येणार आहेत. ऐका – तो आवाज त्याच गाडीचा. टाळ खाली ठेवा जरा.

आपल्याकडं बायका डावीकडं आणि पुरुष उजवीकडं बसतात. आज ते असू दे. मधली दोन माणसांची जागा मोकळी करा, शेजारी-शेजारी. मालूनं विचारलं, “आमचे हे आलेत का?” तर आलेत म्हणा. ते खरंच आहे.

आणि ती त्यांच्यापासून जरा सरकून बसली, तर बसू द्या. कुणी तिला जवळ ढकलू नका.