साच्यात नसलेलं नाव

मंडळी, देवासमोर बसलोय आपण, तर एक सांगा. कुणाचं नाव पुसणारा पापी, की त्या नावाला जागाच न ठेवणारा? पुसणाऱ्याचा हात तरी दिसतो! दुसऱ्याचं काय दिसतं?

ऐका.

एसटी स्टँडसमोर रेवती कासारचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका करायची. कॉम्प्युटरमध्ये तिचे साचे — टेम्प्लेट म्हणतात त्यांना. आपला सोऱ्या असतो ना, तसंच! पीठ कुणाचंही घाला, चकली त्याच नक्षीची. नवरा-नवरी बदलायची, गणपती तोच!

पण ती फाइल तशीच फोनवर पाठवली तर? अहो, मराठी अक्षरं परक्या फोनात अशी फुटतात, की नवरीच्या नावाचे चौकोन होतात! म्हणून रेवती साचा भरायची आणि त्याची इमेज करायची. वेबसाइटवर टाका, फोनवर पाठवा — चित्रातलं अक्षर फुटत नाही.

दुरुस्तही होत नाही, मंडळी. तेवढं लक्षात ठेवा.

एकदा मुकुंदराव गुरव आले. पुतणीचं लग्न. मागून मुलीची आई, मंदाकिनीवहिनी. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. शाळेत खिचडी शिजवून पोरीला नर्स केलेलं. ती दाराशीच टेकली.

रेवतीनं साचा उघडला. 'कै. वसंत गुरव यांची कन्या केतकी'. इमेज केली, आपल्या फोनवर घेऊन दाखवली. मुकुंदराव म्हणाले, "झ्याक! टाक ग्रुपवर."

"थांब की बाई," मंदाकिनी म्हणाली. "मला वाचू दे."

फोन हातात घेतला. वरून खाली वाचलं. परत वाचलं. मग विचारलं, "माझं नाव खालच्या अंगाला आहे का गं?"

रेवतीनं सवयीनं दोन बोटं पडद्यावर फाकवली. चित्र मोठं झालं. गणपती मोठा झाला. मामांची नावं बोटाएवढी झाली! पण मंडळी — जे नाव नाहीच, ते किती मोठं करणार?

मुकुंदराव खाकरले. "वहिनी, साच्यातच जागा नाही. रीत आहे ती."

"असू द्या, भाऊजी." तिनं फोन परत दिला. "अक्षर मात्र सुरेख आलंय हो."

ते 'सुरेख' रेवतीला लागलं! कारण साचा कुणाचा? तिचाच. अठरा वर्षांपूर्वी तिनंच केलेला. किती पोरींच्या आया तिनं दाराशी उभ्या ठेवल्या असतील — मोजल्यात कुणी? मनात वैर नव्हतं हो. नुसती जागा नव्हती.

"हे नाही पाठवत मी," रेवती म्हणाली.

"मग चित्रातच एक ओळ चिकटव."

"चित्राला काय चिकटवू, दादा? चूक साच्यात आहे."

साचा उघडला. टाइप केलं — 'श्रीमती मंदाकिनी व कै. वसंत गुरव यांची कन्या'.

"विधवेचं नाव पहिलं? लोक काय म्हणतील?"

दाराशी टेकलेली बाई आत आली. आवाज चढवला नाही. "भाऊजी, अकरा वर्षं लोक काही म्हणायलासुद्धा आले नाहीत. आता पत्रिका वाचून येतील, तर येऊ द्या. जेवायला घालीन."

मुकुंदरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "कर इमेज."

रेवतीनं इमेज केली. मग कुणी न सांगता आणखी एक केलं. साच्यातून गुरवांची नावं काढली, रिकामी ओळ ठेवली, आणि ओळीच्या तोंडाशी लिहिलं — 'आईचं नाव'. साचा सेव्ह केला. आता येईल त्याला ती ओळ विचारणार!

मंडळी, साचा काय फक्त रेवतीच्या कॉम्प्युटरात असतो? घराच्या पाटीवर कुणाची नावं आहेत? शेजारीण तुमच्या आईला कुणाची आई म्हणून हाक मारते? तिचं स्वतःचं नाव शेवटचं कुणी घेतलं होतं?

देवाचं नाव घ्या, असं मी रोज सांगते. आज देव क्षणभर थांबेल. तोही कुणाचा तरी लेक आहे. टाळ खाली ठेवा. आधी आपापल्या आईचं नाव घ्या.

मनात नाही हो. मोठ्यानं!